समासातले 'विषयांतर'

पनवेलच्या परिसरात मराठी शिकवायला लागून मला पंचवीस वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात किती वह्या तपासल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण एका वहीच्या समासात लाल शाईने लिहिलेला एक शब्द मला अजून टोचतो. तो शब्द म्हणजे 'विषयांतर'.

'नटसम्राट'वर निबंध लिहायला दिला होता. बहुतेक वह्यांतून गाइडमधला मजकूर जसाच्या तसा उतरला होता : शिरवाडकरांची थोरवी, डॉ. श्रीराम लागूंचा अभिनय, कृतघ्न मुले आणि शेवटी 'हे नाटक अजरामर आहे'. एका मुलीने मात्र भलतेच लिहिले. तिच्या आजोबांची भातशेती नव्या मुंबईसाठी गेली होती. साडेबारा टक्के योजनेतला भूखंड मिळाला, तो त्यांनी बिल्डरला दिला आणि आलेले पैसे तीन मुलांत वाटून टाकले. आता ते चार-चार महिने एकेका मुलाकडे राहतात. त्यांची कपड्यांची पिशवी कुठेच पूर्ण रिकामी होत नाही. 'थोडे आपल्यापाशी असू द्या,' असे आजी सांगत होती. त्यापुढे त्या मुलीने लिहिले होते की, कावेरीही नवऱ्याला तेच सांगते, पण तिचे ऐकतो कोण?

मी त्या अख्ख्या परिच्छेदावर तिरपी रेघ ओढली. समासात 'विषयांतर' लिहिले. दहापैकी चार गुण दिले.

पुढचा निबंध 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर होता. याच मुलीने दोन पाने लिहिली, एकही खाडाखोड नाही. सगळे गाइडमधले. मी आठ गुण दिले आणि खाली 'छान' असा शेरा मारला. माझ्याकडून तिला जे शिकायचे होते ते ती शिकली होती.

आज तो पहिला निबंध आठवतो तेव्हा वाटते, त्या वर्गात नाटक खऱ्या अर्थाने एकटीनेच वाचले होते. सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली आणि 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले तेही त्याच सुमाराला. हा निव्वळ योगायोग, हे मान्य. पण हातातले सगळे देऊन बसलेला म्हातारा आमच्या विद्यार्थ्यांना पुस्तकात शोधावा लागत नाही. तो घराच्या ओटीवर बसलेला असतो. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी बेलवलकरांचे नाते आम्ही वर्गात कौतुकाने सांगतो. मग शेजारच्या गावातल्या आजोबांशी ते कोणी जोडले, तर ते विषयांतर कसे?

याचा अर्थ तो निबंध निर्दोष होता असे नाही. आजोबांवर लिहिता लिहिता ती रंगमंचापासून दूर गेली होती. बेलवलकर हे नट. त्यांचे घर जाते, तसा समोरचा प्रेक्षकही जातो. आजोबांचे काय गेले? नुसती जमीन, की शेतकरी म्हणून असलेली ओळखही? समासात मी एवढेच लिहायला हवे होते : 'कावेरीचे बोलणे तू नेमके हेरलेस. आता सुरुवातीचा वाटणीचा प्रसंग पुन्हा वाच. आजोबा आणि बेलवलकर कुठे सारखे आहेत आणि कुठे वेगळे, ते सांग.' त्या चार ओळींनी ती पुन्हा नाटकाकडे वळली असती. माझ्या एका शब्दाने ती गाइडकडे वळली.

'विषयांतर' जितके आळशी, तितकेच 'छान'ही आळशी. दोन्हींतून विद्यार्थ्याला पुढे काय करायचे ते कळत नाही. निबंधात नुसते कथानक सांगितले असेल, तर 'कथानक नको' म्हणण्यापेक्षा 'बेणारेबाईंच्या बाबतीत खेळ कोणत्या क्षणी खेळ राहत नाही?' असे विचारावे. उत्तरासाठी मुलाला संहिता उघडावीच लागते. शुद्धलेखनाच्या चुका दाखवाव्यात, जरूर दाखवाव्यात, पण तो विचार वाचून झाल्यावर.

सहकारी म्हणतात, शंभर-सव्वाशे वह्या, त्यात अभ्यासक्रम संपवायचा, हे लाड कोणी करायचे? तक्रार खोटी नाही. मीही त्याच घाईचा बळी आणि अपराधी आहे. म्हणून आता मी पूर्ण वही लाल करीत नाही. प्रत्येक वहीत एक गोष्ट चांगली सापडली तर ती नेमकी कोणती ते लिहितो आणि एकच प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर लिहून वही परत आणली की मगच गुण देतो. वेळ थोडा अधिक लागतो, पण वह्या एकसारख्या येत नाहीत. शक्य झाले तर पनवेलच्या फडके नाट्यगृहात मुलांना एखादा प्रयोगही दाखवतो. पाहिलेल्या नाटकावर लिहिताना गाइड फारसे कामाला येत नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलांच्या वहीत गुण किती हे पाहाच, पण समासात काय लिहिले आहे तेही वाचा. आणि घरातली गोष्ट निबंधात आली म्हणून त्यांना रागावू नका.

ती मुलगी आता कुठे आहे, मला माहीत नाही. तिची वही मी केव्हाच परत केली. त्यावरची ती तिरपी रेघ मात्र आता मला पुसता येत नाही.