घडणावळीचा हिशेब

भंडाऱ्याची जुनी ओळख पितळेची. लग्नाच्या आंदणात गुंड, कोपर, घंगाळ, परात द्यायची, तर ती भंडाऱ्याची असावी, असे विदर्भातील घरांना वाटे. पुढे ॲल्युमिनियम आले, मग स्टील आले. पितळ माळ्यावर गेले आणि ठोक्यांचा नाद मंदावला.

मात्र सारा दोष स्टीलच्या माथी मारून हिशेब पुरा होत नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. भंडारा जिल्ह्याची वाढ ६ टक्क्यांच्याही आत राहिली. नागपूर तासा-दीड तासाच्या अंतरावर. अशा जिल्ह्यात तरुण हात हवे तेव्हा मिळतील, असे गृहीत धरता येत नाही. जिल्ह्यातच वरठीला पोलादाचा, गडेगावला मोटारींचा कारखाना आहे. जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तेथील नोकरदाराला पगाराची तारीख ठाऊक असते. भट्टीपुढे बसणाऱ्या कारागिराला ती ठाऊक नसते.

पेशवाईत पुण्याच्या कसब्यात तांबट आळी बहरली, कारण कारागिरांना राहायला वस्ती आणि हाताला बारमाही काम मिळाले. कारागीर स्थिरावतो तो अशा खात्रीवर.

ही खात्री देणे पेढीच्या हाती किती आहे, हे भांड्याच्या किमतीत दिसते. पितळ वजनावर विकले जाते. तांबे-जस्ताचा भाव मोठ्या बाजारात ठरतो. त्यात दुकानदाराचे काही चालत नाही. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की कात्री लागते ती घडणावळीला. पत्रा तापवून, ठोकून, मठारून, झिलई देऊन ज्याने भांडे उभे केले, त्याचाच वाटा सर्वांत आधी घटतो. मग तो मुलाला भट्टीपासून दूर ठेवतो. त्यात त्याची चूक ती काय?

यावर उपाय अवघड नाहीत. पावतीवर धातूची किंमत आणि घडणावळ वेगवेगळी लिहावी, म्हणजे सूट कोणाच्या खिशातून जाते ते गिऱ्हाइकालाही कळेल. लग्नसराईची मागणी पावसाळ्यातच नोंदवून थोडी उचल द्यावी. माल हाती येताच मजुरी चुकती करावी. शिकाऊ मुलाच्या पहिल्या दोन वर्षांच्या विद्यावेतनाचा भार चार पेढ्यांनी मिळून उचलावा; कारण हात तयार होईपर्यंतचा काळच त्या घराला परवडत नाही.

यात व्यापारी घराचाही स्वार्थ आहे. त्याचीही मुले पुण्या-बंगळुरूला जात आहेत. परगावचा यंत्राचा माल कोणत्याही गावच्या दुकानात मिळतो. त्यासाठी भंडाऱ्याला परतण्याचे कारण मुलाला उरत नाही. गावाचा स्वतःचा माल असेल, तरच त्या गादीला मोल राहील.

दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते. जुनी मिटण्यापूर्वी तिच्यात कारागिराचे किती येणे बाकी आहे, तेवढे पान एकदा उघडून पाहावे.