बिचाऱ्या स्लीपला दोष का देता?

लिनक्सवाल्यांमध्ये एक जुनी कुरकुर आहे: ‘स्लीप’सारखी साधी कमांडसुद्धा यांनी फुगवून ठेवली! आकडा द्यायचा, तेवढे सेकंद ती गप्प बसणार, एवढंच तिचं काम. त्याला इतका पसारा कशाला?

हा पसारा काय आहे ते तरी बघा. 1973 च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ही कमांड आली. 1979 च्या सातव्या आवृत्तीतला तिचा कोड जेमतेम वीसेक ओळींचा आहे. तेव्हाच्या मॅन्युअलमध्ये ‘दोष’ म्हणून लिहिलं होतं की वेळ 65536 सेकंदांपेक्षा कमी हवा, म्हणजे सुमारे सव्वाअठरा तास. 16 बिटांच्या त्या मशीनवर याहून मोठा आकडा मावतच नव्हता. पुढे जीएनयूने अर्धा सेकंद थांबायची सोय केली, मिनिट-तास-दिवसांची अक्षरं दिली, दोन-तीन आकडे दिले तर त्यांची बेरीज करायला शिकवलं. ‘इन्फिनिटी’ म्हटलं तर ती कायमची थांबते. फ्रीबीएसडीवर कंट्रोल-टी दाबलं की किती वेळ उरलाय ते सांगते. यातली प्रत्येक गोष्ट कुणाची तरी अडचण होती. आणि पॉझिक्सच्या मानकात आजही फक्त पूर्ण सेकंदच आहेत. ज्याला जुनं हवं त्याने जुनं वापरावं, कोण अडवतंय?

माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे. पन्नास वर्षांत कमांड सुधारली, वापरणारा सुधारला नाही. स्लीप फक्त मुदत मोजते. घटना घडली की नाही, हे तिला कळत नाही. फाइल आली का, सर्व्हर उठला का, हे न तपासता ‘टाक स्लीप पाच’ म्हणणारे ढिगाने भेटतात. लिनक्सवर लॅपटॉप झोपवला तर तिचं मोजणंही तेवढा वेळ बंद पडतं, हेही त्यांच्या गावी नसतं.

आता रमजानचा तक्ता घ्या. मुंबईची वेळ छापायची आणि खाली गावांचा फरक: अमुक गावाला इतकी मिनिटं वजा. वालचंदनगर मुंबईच्या पूर्वेला सुमारे दोन अंश आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आठ वजा. मार्चमध्ये हे जवळपास बरोबर येतं, कारण तेव्हा सूर्य विषुववृत्तावर असतो. पण आपण मुंबईच्या दक्षिणेलाही अंशभर आहोत. डिसेंबरात त्यामुळे आपला सूर्य साधारण दोन मिनिटं उशिरा मावळतो आणि फरक सहा मिनिटांवर येतो. आठ वजा करून इफ्तार केली तर सूर्य अजून वर! दोन मिनिटांनी काय होतं, म्हणणाऱ्याला विचारतो: सुमारे साडेबारा तासांच्या रोज्याची दोन मिनिटं माफ करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? सावधगिरीसाठी वाढवलेली मिनिटंही याच चुकीत खर्च होतात.

याच वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटरची केसिंग बनतात. तिथे कुणी ‘अंदाजे आठ’ म्हणून बघावं.

गेली काही वर्षं रमजान मार्चच्या आसपास होता, म्हणून चूक झाकली गेली. 2030 साली रमजान दोनदा येणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. मशिदींच्या ट्रस्टींनी तोवर गावाच्या अक्षांश-रेखांशावरून रोजची वेळ काढून वेगळा तक्ता छापावा. गणित कॉलेजातला कुठलाही मुलगा एका संध्याकाळी करून देईल. त्याला बोलवायला मात्र हवं.