पदवीची पारख आणि अनुदान

आजारी माणसाला घेऊन विदर्भातील शेतकरी नागपूरच्या धंतोलीत येतो, तेव्हा दवाखान्याच्या पाटीवरील पदवीवर तो विश्वास टाकतो. ती पदवी देणाऱ्या महाविद्यालयात पुरेसे शिक्षक होते की नाही, हे जाणण्याचे त्याच्याजवळ साधन नसते. पिकावर रोग पडल्यावर कृषी पदवीधराचा सल्ला घेणाऱ्या शेतकऱ्याची स्थितीही हीच होय. सल्ला चुकला तर हंगाम हातचा जातो. म्हणून कृषी महाविद्यालयांना पैसा किती मिळतो व त्यांची पारख कोण करतो, हा प्रश्न शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचणारा आहे.

धंतोलीपासून जवळच, महाराजबागेलगत, १९०६ साली स्थापन झालेले नागपूरचे कृषी महाविद्यालय आहे. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ निघाल्यावर ते त्याच्या छत्राखाली आले. अशा शासकीय महाविद्यालयांचा खर्च मुख्यतः राज्य शासन सोसते; विकासासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे साहाय्य मिळते. परिषदेतर्फे शिक्षकसंख्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय व प्रक्षेत्र ह्यांची तपासणी होऊन अधिस्वीकृती दिली जाते, आणि त्या साहाय्याचा ह्या अधिस्वीकृतीशी संबंध जोडलेला आहे.

हे तत्त्व योग्य आहे. बियाणे पिकविणारा एक व ते प्रमाणित करणारा दुसरा असावा, हे शेतकरी जाणतात. महाबीज व बीज प्रमाणीकरण यंत्रणा ह्या दोन्ही संस्था अकोल्यातच आहेत, परंतु स्वतंत्र आहेत. शिक्षणातही हाच न्याय हवा.

तथापि, तपासणीचा उपयोग कसा होतो ह्यावर सर्व अवलंबून आहे. माती परीक्षणात स्फुरद कमी आढळले म्हणून कोणी शेत पडीक टाकीत नाही. उणीव भरून काढतो. शिक्षकांची पदे रिक्त राहिल्यामुळे महाविद्यालय मागे पडले असेल, तर त्याचे अनुदान तोडल्याने ते अधिकच खालावेल. तेथे पदे भरण्यासाठी निधी व ठरावीक मुदत द्यावी. ज्या संस्थेजवळ प्रात्यक्षिकापुरती जमीनही नाही व जी केवळ शुल्कावर चालते, तिचे प्रवेश मात्र थांबवावेत. पहिलीला खत हवे, दुसरीला लगाम.

ह्या पारखीत गावाचाही वाटा आहे. पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थी कृषिदूत व कृषिकन्या म्हणून गावात येतात. त्यांना बीजप्रक्रिया स्वतः करता येते काय, कीड ओळखता येते काय, फवारणीचे प्रमाण बिनचूक सांगता येते काय, हे यजमान शेतकऱ्याइतके कोण पाहू शकेल? त्याच्या अभिप्रायाला गुणदानात व महाविद्यालयाच्या तपासणीत खरे वजन मिळाले पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे अभिप्राय हंगामाअखेर लेखी घेऊन महाविद्यालयाकडे पाठवावेत. शेतकरी बांधवांनीही केवळ कौतुकाची सही न करता, दिसले ते स्पष्ट लिहावे. महाविद्यालये जनतेच्या पैशावर चालतात. त्यांचे पीक कसे आले, हे सांगण्याचा जनतेस अधिकार आहे.