खलनायक एकटा नव्हता

“पूर्वीचे संसार टिकत असत हो!” असा सुस्कारा सोडणारे एखादे माणूस प्रत्येक घरात असतेच, आणि दिवाळीच्या फराळाला ते हमखास हजर असते. अशा माणसाच्या बशीत चकलीबरोबर एक जुना संसारही वाढावा, असे माझ्या मनात आहे. संसार विलायतेतला आहे. जॉर्ज राजांच्या अमदानीतला. त्या काळातले टोप, बग्ग्या आणि झुंबरे ह्यांच्यावर कादंबऱ्यांचे वाचक अजूनही लुब्ध असतात.

मेरी एलिनोर बोज ही डरहॅम परगण्यातील एका कोळसा-खाणवाल्याची एकुलती एक मुलगी. जन्म 1749 चा. वडील वारले तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून इंग्लंडातील सर्वांत धनाढ्य वारसदारांत तिची गणना होऊ लागली. मुलगी शिकलेली, पद्यनाटक लिहिण्याइतकी. वनस्पतिशास्त्राचा तर तिला ध्यासच होता. अठराव्या वाढदिवशी तिचे लग्न स्ट्रॅथमोरच्या नवव्या अर्लशी झाले. अर्ल देखणा होता. पाच मुले झाली, मने मात्र जुळली नाहीत, आणि 1776 मध्ये तो वारला.

आता अँड्र्यू स्टोनी रंगमंचावर येतो. हा आयर्लंडकडचा लष्करी अधिकारी. पहिली श्रीमंत बायको आधीच मातीआड गेलेली. ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रात काउंटेसविषयी ओंगळ मजकूर येत होता. तिच्या अब्रूखातर स्टोनीने संपादकाला द्वंद्वाचे आव्हान दिले आणि 13 जानेवारी 1777 रोजी तो ‘प्राणांतिक’ घायाळ होऊन पडला. मरणाऱ्याची शेवटची इच्छा म्हणून चारच दिवसांनी तिने त्याच्याशी लग्न केले. पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चमध्ये नवरदेवाला उचलून आणावे लागले. पुढे लवकरच तो खडखडीत बरा झाला! द्वंद्व संगनमताचे होते.

पुढची आठ वर्षे मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणे आणि घरातल्या मोलकरणींवर हात टाकणे ह्यांत गेली. हे सारे ऐकून आपण म्हणतो, “काय राक्षस होता हो!” आणि पान उलटतो. माझे भांडण ह्या पान उलटण्याशी आहे. राक्षस म्हटले की बाकी सगळे सुटतात.

ह्या राक्षसाला दात दिले कोणी? इंग्लंडच्या कायद्याने. लग्न लागताच बायकोचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरून जाई. तिचा पैसा त्याचा, जमिनीचे उत्पन्न त्याचे, मुलांवरचा हक्क त्याचा. बायकोला कोंडून ठेवण्याचा अधिकारही तो सांगू शके. त्याने तिच्या इस्टेटीतील झाडे तोडून विकायला काढली, तो हक्क त्याला लग्नाच्या वहीने दिला होता. आणि समाजाने काय केले? 1780 मध्ये ह्याच माणसाला न्यूकॅसलमधून पार्लमेंटात पाठवले!

काउंटेस गाफील नव्हती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिने आपली मालमत्ता विश्वस्तांच्या नावे केली होती. हे कळताच स्टोनीने 1777 च्या मे महिन्यात तिच्याकडून ते रद्द केल्याच्या कागदावर सही घेतली. कशी घेतली असेल, हे सांगायला नको. पुढे कोर्टात त्याने काय म्हणावे? म्हणे, मला न सांगता दस्त केला, म्हणजे नवरा म्हणून माझ्या हक्कांची फसवणूक झाली! खोटे मरण मरून लग्न लावणारा हा गृहस्थ न्यायाधीशांपुढे फसवला गेल्याची तक्रार करत होता. ती तक्रार हसण्यावारी नेता येण्याजोगी नव्हती, कारण तशी हरकत कायद्यात खरोखरच होती. सुदैवाने 1788-89 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला.

1785 च्या फेब्रुवारीत ती पळाली. मदत कोणी केली? एकाही उमरावाने नव्हे. मेरी मॉर्गन आणि तिच्यासारख्या घरकाम करणाऱ्या बायकांनी. घटस्फोटाचा दावा चालू असताना, 1786 च्या नोव्हेंबरात, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून भरदिवसा स्टोनीच्या माणसांनी तिला पळवले आणि ऐन थंडीत उत्तरेकडे फरफटत नेले. आठ दिवसांनी ती सुटली. दावा सोडल्याची सही तेवढी तिने केली नाही. त्याला तीन वर्षांची कैद झाली, आणि 1789 मध्ये धर्मन्यायालयाचा निकाल कायम झाला.

हा घटस्फोटही अर्धाच. धर्मन्यायालय वेगळे राहण्याची मुभा देई, पुन्हा लग्नाची नव्हे. ती मुभा फक्त पार्लमेंट खास कायदा करून देई. 1857 पर्यंत असे सुमारे सव्वातीनशे कायदे झाले. त्यांपैकी बायकांच्या अर्जावरून अवघे चार, आणि पहिला 1801 साली. मेरी एलिनोर त्याच्या आदल्याच वर्षी वारली. स्टोनी 1810 पर्यंत जिवंत होता.

“पण ती तरी कुठे सोवळी होती?” हा प्रश्न येणारच. नव्हती. दुसऱ्या लग्नाच्या वेळी तिच्या पोटात तिसऱ्याच पुरुषाचे मूल होते, आणि थोरल्या मुलाशी ती मायेने वागली नाही. ही कबुली स्टोनीने तिच्याकडून लिहवून घेतली, आणि 1793 मध्ये ती छापून निघाली. असेल ती दोषी. म्हणून तिच्या कानशिलात मारायचा परवाना कोणाला मिळतो? सद्गुणांचे प्रमाणपत्र दाखवल्यावरच न्याय द्यायचा असेल, तर कोर्टाच्या दाराशी आपल्यापैकी किती जण रांगेत उभे राहतील?

माझ्याच धंद्यातल्या थॅकरेची गोष्ट ह्याहून वाईट. काउंटेसचा नातू त्याचा मित्र. त्याच्याकडून ही हकीकत मिळाली आणि 1844 मध्ये ‘बॅरी लिंडन’ अवतरला. कथा सांगतो तो लफंगा. बायको मात्र पोकळ आणि विद्येचा तोरा मिरवणारी. थॅकरेचा उपरोध मला कळतो. तरीही बोलायला तोंड मिळाले ते लफंग्याला, आणि जिने खरोखर कोर्टात उभे राहून झुंज दिली ती हसण्याचा विषय झाली.

ही विलायतेची भानगड, आपल्याला काय तिचे, असे म्हणून सुटता येणार नाही. त्याच इंग्रजी धर्मन्यायालयांतला एक दावा, बायकोला नांदायला आणण्याचा, जहाजातून मुंबईत उतरला. 1884 मध्ये रखमाबाईंवर तो लावण्यात आला. त्याच साली इंग्लंडने आपल्या देशात असा हुकूम मोडणाऱ्याची कैद रद्द केली. मुंबईच्या हायकोर्टाने 1887 मध्ये रखमाबाईंना सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करतो म्हणून कळवले.