चेहऱ्यासाठी लेन्स

वडीलधाऱ्यांचे एकही चांगले छायाचित्र घरात नसावे आणि पुढे तसबिरीसाठी लग्नातल्या समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून मोठा करावा लागावा, असे अनेक कुटुंबांत घडते. हे टाळण्यास महागडी लेन्स लागत नाही. योग्य लेन्स लागते.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटर लेन्सचे छिद्र ५५ वर सहसा एफ/५.६ इतकेच उघडते. ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही लेन्स त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश घेते. म्हणून खिडकीच्या उजेडात फ्लॅशवाचून काम भागते. लहान सेन्सरच्या कॅनन किंवा निकॉन कॅमेऱ्यावर तिची चौकट ७५-८० मिलिमीटरसारखी होते आणि ती चेहऱ्यास साजते. ८५ ची लेन्स उत्तम खरी. परंतु तिला मागे सरकण्यास जागा हवी, ती दिवाणखान्यात क्वचितच मिळते. एफ/१.४ साठी पुष्कळ जास्त पैसे मोजूनही प्रकाश दीडपटीहून थोडाच अधिक वाढतो.

जुनी लेन्स घेताना एक गोष्ट पारखावी. निकॉन डी३५०० सारख्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. त्यावर ‘एएफ-डी’ लेन्स आपोआप फोकस करीत नाही, ‘एएफ-एस’ करते.

दीड मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोली सुस्पष्ट राहते. म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावर धरावा. आजी-आजोबा शेजारी बसले असतील, तर छिद्र एफ/४ करावे.

लेन्सचा भाव पुढल्या वर्षी कदाचित उतरेलही. आजोबांचे वय मात्र थांबणार नाही.