बंदराचे मोल आणि हुबळीची वाट

युरोपीय संघाच्या दारात तुर्कस्तान १९८७ पासून अर्ज घेऊन उभा आहे. १९९९ मध्ये त्यास उमेदवारी मिळाली, २००५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि २०१८ पासून त्या थिजल्या. तरीही १९९६ पासूनचा जकात-संघ चालू आहे, आणि निर्वासितांना थोपविण्याचा २०१६ चा करारही संघाने पदरात पाडून घेतला. उमेदवाराचे सामरिक मोल मान्य करावयाचे, उपयोग करून घ्यावयाचा, घरात मात्र घ्यावयाचे नाही, असा हा व्यवहार! गोमंतकीयांना तो अगदीच परका वाटू नये. आमच्या मुरगावचे मोलही बहुधा घाटावरूनच ठरत आले आहे.

हुबळी-धारवाडच्या कापसाला समुद्र हवा होता. त्यासाठी इंग्रजांनी १८६२ मध्ये उत्तर कानडा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडला आणि कारवार बंदराचा घाट घातला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने पारडे फिरले. रेल्वे कारवारला न उतरता ब्रागांझा घाटातून मुरगावास आली. कारवार बिचारे मागे पडले. १९५५ च्या नाकेबंदीत हा मार्ग तुटला, तो मुक्तीनंतर पुन्हा जुळला. गोवा महाराष्ट्रात जाण्यास तेव्हाच्या म्हैसूर राज्याचा विरोध होता. त्यामागे हुबळीच्या पाठीशी पसरलेल्या मुलखाचे हे बंदर दुसऱ्या राज्याच्या हाती जाऊ नये, हा हिशेब मुळीच नसेल असे आम्हास वाटत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी 'दोन पानां'ना १,७२,१९१ व 'फुला'ला १,३८,१७० मते पडली. त्या कौलाविषयी कोणाचे मत काहीही असो, निदान ज्याचे मोल ठरवावयाचे त्याला विचारले तरी गेले.

आज प्रश्न विलीनीकरणाचा नाही. पाण्याचा आणि रुळांचा आहे. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कळसा-भांडुरामार्गे ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेत वळविण्याची मुभा कर्नाटकास दिली. त्याचे मुख्य कारण हुबळी-धारवाडची तहान. ती तहान खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु म्हादई आटली तर खाडीचे खारे पाणी कोठवर चढेल, हे काठच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. गोवा या निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला तो याच भयाने.

दुसरीकडे, ९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. हुबळी-अंकोला लोहमार्गही जंगलापायी वर्षानुवर्षे रखडला आहे. म्हणजे रेल्वेने सरळ समुद्र गाठावयाचा तर हुबळीला आजही आमचीच वाट. ज्या नैर्ऋत्य रेल्वेची ही वाट, तिचे मुख्यालयही हुबळीतच आहे.

असे असता पाण्याची फाईल एका खात्यात आणि कोळशाची दुसऱ्या खात्यात, ही पणजीची रीत आम्हास उमगत नाही. म्हादईचे किती पाणी वळले हे कोणी मोजावयाचे, आणि मुरगावहून कोळशाच्या किती गाड्या घाट चढावयाच्या, हे दोन्ही प्रश्न गोव्याने बंगळूरला एकाच बैठकीत विचारावेत.