दुसऱ्याच्या घरातले निर्णय आणि आपली हद्द

जून उजाडला की पनवेल, खारघर, कामोठ्याच्या सोसायट्यांमध्ये काही प्रश्न हमखास कानावर येतात. ‘वहिनी, मुलाला मराठी माध्यमात घातलंत? पुढं कसं व्हायचं त्याचं?’ ‘सीबीएसई घेतलंत? एवढ्याशा जिवाला झेपेल का?’ ‘तीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही? काही दाखवलंत का कुठं?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. पण ज्या आईने रात्र रात्र जागून तो निर्णय घेतलेला असतो, तिच्यासाठी लिफ्टमधला असा एक प्रश्न दिवस खराब करायला पुरेसा ठरतो. ज्याचे जळते त्यालाच कळते.

दुसऱ्या कुटुंबाने मुलांचे शिक्षण आणि आरोग्य यांबाबत घेतलेल्या निर्णयांचा आदर करावा, हे वाक्य सगळ्यांना मान्य असते. अडचण पुढे येते. आदर म्हणजे गप्प बसणे का? आणि शेजाऱ्याच्या निर्णयाचा चटका आपल्या मुलाला बसणार असेल तर?

या आदराची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा समाजाच्या दबावापायी त्यांना राहते घर सोडावे लागले. मुलीला शाळेत धाडणाऱ्या घरांनाही टोमणे चुकले नाहीत. रायगड जिल्ह्यात तर गावकीने कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या तक्रारी अगदी अलीकडच्या काळातही येत राहिल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्याने २०१६ मध्ये केला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. सोसायटीतल्या कुजबुजीची तुलना वाळीत टाकण्याशी होणार नाही, हे खरे. पण दोन्हींच्या मुळाशी ‘चार लोक करतात तसे केले नाही, तर तुम्ही आमच्यातले नाही’ हीच भावना असते.

म्हणून निर्णयांचे तीन गट पाडून पाहावेत.

पहिल्या गटातल्या निर्णयांचे बरेवाईट परिणाम त्या घरापुरतेच असतात. माध्यम मराठी की इंग्रजी, बोर्ड कोणते, एक मूल की दोन, बाळंतपण नैसर्गिक की सिझेरियन, सर्दीवर काढा की गोळी. पनवेलला तर आयुर्वेदाची जुनी परंपरा आहे. ‘श्री धूतपापेश्वर’ ही औषधनिर्माण संस्था १८७२ मध्ये इथेच सुरू झाली. इथल्या कितीतरी घरांत आजीचा काढा आणि बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी सुखाने नांदतात. फक्त मुलाला काय काय देतो आहोत, ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. डॉक्टरांनीही ते कपाळावर आठी न घालता ऐकावे. ओरडा बसेल या भीतीने लपवलेले औषध जास्त धोक्याचे असते.

विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक याच गटात येतात, आणि सर्वांत जास्त सल्ले त्यांच्याच वाट्याला येतात. ‘साध्या शाळेत कशाला घातलं?’ असे एक म्हणतो, ‘स्पेशल शाळेत कशाला टाकलं?’ असे दुसरा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या नेहमीच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, ही निवड कायद्याने त्याच्याकडे दिली आहे. कायद्याने जो प्रश्न कुटुंबावर सोपवला, त्याचा निकाल सोसायटीच्या बागेत लावण्याचे कारण नाही.

दुसरा गट अवघड आहे. इथे निर्णय घरातलाच असतो, पण त्याने त्या घरातल्या मुलाचे नुकसान होण्याची शक्यता असते. मूल ही आईवडिलांची मालमत्ता नाही, त्याला स्वतःचे हक्क आहेत. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची प्रथा आहे. तिला ‘घरचा निर्णय’ म्हणून हात जोडता येत नाहीत. शहरी उदाहरणे इतकी भीषण नसतात, पण असतात. मूल १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर त्याची श्रवणचाचणी आणि विकासाची तपासणी करून घ्यायला हवी. अशा वेळी ‘मुलगे उशिराच बोलतात’ असा दिलासा देणारा शेजारी मोलाचे महिने वाया घालवतो. ‘घरात मराठी बोलता म्हणून गोंधळतो, नुसते इंग्रजी बोला’ हा सल्लाही तितकाच चुकीचा आहे. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाला भाषेचा विकार जडत नाही. उलट आईशी मोकळेपणाने बोलण्याची भाषाच काढून घेतली, तर मूल आणखी एकटे पडते. या गटात बोलावे, पण एकदा, एकांतात आणि नेमके बोलावे. त्यानंतर तज्ज्ञाकडे जाण्याची वाट सोपी करून द्यावी.

तिसऱ्या गटात निर्णय एका घराचा असतो आणि धोका दुसऱ्या घराला. गोवर हे त्याचे ठळक उदाहरण. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर १२ ते १८ जणांना लागण करू शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. साथ थोपवायची तर सुमारे ९५ टक्के मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. त्याआधीचे बाळ भोवतालच्या मुलांच्या भरवशावर असते.

आणखी काही मुले याच भरवशावर असतात. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन व उपचार संस्था आहे. तिथे उपचारासाठी दूरदूरची कुटुंबे येतात. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला गोवराची लस देता येत नाही, कारण ती जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूपासून बनवलेली असते. त्याच्या आईवडिलांपुढे निवडच नसते. ‘आमच्या मुलाला लस द्यायची की नाही, तो आमचा प्रश्न’ असे म्हणणाऱ्याच्या उत्तराची किंमत कदाचित ते मूल चुकवत असते. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीपासून मालेगावपर्यंत गोवर पसरला आणि मुले दगावली, ते फार जुने नाही.

मग सक्ती करावी का? सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी करोना लशीसंबंधीच्या निकालात दोन्ही बाजू सांभाळल्या. कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते, असे न्यायालयाने म्हटले. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या, तेव्हा रोगापेक्षा सरकारचीच भीती मोठी झाली आणि लोक रुग्ण लपवू लागले. याच साथीत सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना गेल्या. साथ आटोक्यात आणायला त्यांच्यासारखा विश्वास लागतो, बळजबरीने तो मिळत नाही.

विश्वास चेष्टेनेही मिळत नाही. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१४ मध्ये १,७५९ अमेरिकी पालकांवरचा एक अभ्यास आला होता. लशीमुळे स्वमग्नता येत नाही, हे पुराव्यानिशी सांगितल्यावर पालकांचा गैरसमज कमी झाला. पण मुळात लशीबद्दल सर्वांत साशंक असलेल्या पालकांची लस देण्याची तयारी आणखी घटली. माहिती बरोबर असली, तरी माणूस कोंडीत सापडला की तो हट्टाला पेटतो. म्हणून आधी ‘तुम्हाला कशाची काळजी वाटते?’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. ताप येईल ही भीती असेल, तर तिचे उत्तर सोपे आहे. आधीच्या डोसाच्या वेळी कोणी हिडीसफिडीस केले असेल, तर त्यावर आकडेवारी हा उपाय नाही.

आणि लस न मिळालेली सगळीच मुले ‘निवडीमुळे’ मागे राहिलेली नसतात. दिवाळीनंतर रायगडच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तेवढ्यात मुलाची शाळाही सुटते आणि लशीचा डोसही. पनवेल परिसरात इमारती बांधायला आलेल्या मजुरांचेही तेच. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. त्यांच्या ‘निर्णयाचा आदर’ करणे म्हणजे त्यांना त्यांच्या हालावर सोडणे होय. तिथे परिचारिका आणि आशाताईंनी भट्टीपर्यंत पोहोचायला हवे, लसीकरण संध्याकाळी ठेवायला हवे, आणि लशीचे कार्ड कुठल्याही गावात चालायला हवे. आधी पर्याय मिळाले पाहिजेत, मग निवडीची भाषा.

तेव्हा दुसऱ्याच्या घराविषयी तोंड उघडण्याआधी एवढेच तपासावे, की याचा परिणाम कोणावर होतो? त्या घरापुरता असेल, तर मत आपल्यापाशी ठेवावे. त्या मुलाचे नुकसान होत असेल, तर आपुलकीने आणि खासगीत बोलावे. इतरांच्या मुलांना धोका असेल, तर शाळेने आणि महापालिकेने नियम करावेत, आपण ते पाळावेत आणि शेजाऱ्यालाही पाळायला सांगावे. त्यासाठी त्याचा पाणउतारा करण्याची गरज नाही. उद्या आपल्याच बाळाला ताप चढला, तर रात्री दोन वाजता रिक्षा शोधायला तोच शेजारी धावणार आहे.